बॅटरीवाला मधी

खिशात विजेरी बाळगणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "मोबाईलमध्ये टॉर्च आहे की! मग हे कशाला?"

तांत्रिक उत्तर सोपं आहे. एक मेणबत्ती साधारण १२ ल्युमेन उजेड देते. मोबाईलचा दिवा ५०च्या आसपास, तोही पसरट. दहा-बारा पावलांपुढे तो विरून जातो. माझी विजेरी अंगठ्याएवढी जाड आणि बोटभर लांब आहे. एका लिथियम सेलवर ती ५०० ल्युमेन देते, पावसात भिजली तरी चालते, दगडावर पडली तरी चालते. शिवाय अंधारात अडकलेल्या माणसाला मोबाईलची बॅटरी फोन करण्यासाठी राखून ठेवायची असते, वाट बघण्यात संपवायची नसते.

पण विचारणाऱ्याचा प्रश्न तांत्रिक नसतोच. त्याला म्हणायचं असतं, की ठाण्यात राहून लिफ्टने वर-खाली करणाऱ्या आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला एवढी तयारी कशासाठी लागते? मला हा प्रश्न रास्त वाटतो. त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न तर जास्तच. ही तयारी कोणासाठी?

'एव्हरीडे कॅरी' नावाचं एक मोठं जग आहे. रोज अंगावर काय बाळगावं याचा विचार करणाऱ्या लोकांचं. टेबलावर घड्याळ, चाकू, पेन, पाकीट आणि विजेरी ओळीने मांडून फोटो काढायचे, कुठल्या विजेरीचा झोत किती मीटर जातो यावर तासन् तास बोलायचं. मला हे जग आवडतं. त्यात वस्तूंबद्दल प्रेम आहे आणि एक नीतीही आहे : आपल्यामुळे कोणाला त्रास होऊ नये, आपली सोय आपण करावी. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे लगेच पटतं. एक सर्व्हर बंद पडला म्हणून सगळं बंद पडता कामा नये, म्हणून आपण दुसरा ठेवतो. विजेरी हा डोळ्यांचा बॅकअप.

ही वस्तू इथवर कशी आली, तेही मजेशीर आहे. विजेरीचं अमेरिकन पेटंट १८९९ सालचं. तेव्हाचे सेल इतके कमकुवत होते, की दिवा सलग लावता येत नसे. बटण दाबून क्षणभर चमकवायचा आणि सोडायचा. इंग्रजीत तिला 'फ्लॅशलाइट' म्हणतात ते त्यामुळे. पुढची जवळपास शंभर वर्षं काचेच्या छोट्या बल्बवर गेली. मग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये पुरेसा प्रखर निळा एलईडी तयार झाला. निळ्यावर पिवळा लेप चढवला, की पांढरा उजेड मिळतो. त्या निळ्या दिव्याला २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि लिथियम-आयन बॅटरीला २०१९चं रसायनशास्त्राचं. म्हणजे माझ्या खिशात दोन नोबेल पारितोषिकं आहेत आणि त्यांचा एकत्रित भाव एका पिझ्झ्यापेक्षा फार जास्त नाही.

पण या सगळ्या जगाचं एक गृहीतक आहे. अंधार हा अपवाद आहे. कधीतरी वीज जाईल, कधीतरी गाडी बंद पडेल, कधीतरी ट्रेकला उशीर होईल. त्या 'कधीतरी'साठी विजेरी. माझं बालपण जव्हारमध्ये गेलं. तिथे आणि पुढे मोखाड्याकडे हे गृहीतक टिकत नाही.

जव्हार मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. गावात १९१८पासून नगरपालिका आहे, रस्त्यावर दिवे आहेत, बाजारपेठ आहे. पण शेवटच्या खांबापुढे गेलात, त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर मोखाड्याच्या बाजूला लागलात आणि एखाद्या फाट्यावर आत वळलात, की अंधार सुरू होतो. गावं पाड्यांमध्ये विखुरलेली. एक पाडा डोंगराच्या या अंगाला, दुसरा ओहोळापलीकडे. घरात वीज पोचली असली, तरी दोन पाड्यांमधल्या वाटेवर ती कुठून असणार? त्यात पावसाळ्यात कुठेतरी झाड तारांवर पडलं, की घरातलीही गेली.

इथल्या माणसांचं 'एव्हरीडे कॅरी' कित्येक पिढ्यांचं आहे. त्याला कोणी ते नाव दिलेलं नाही, एवढंच. पुरुषाच्या कमरेला आकडी, आकडीत कोयता. आणि अंधार पडण्याची शक्यता असेल तर पिशवीत 'बॅटरी'. इथे विजेरी किंवा टॉर्च कोणी म्हणत नाही. बॅटरीच म्हणतात. पूर्वी पितळी किंवा पत्र्याची, दोन-तीन जाड सेलची. आता प्लॅस्टिकची, चार्जिंगची. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा ती हवी. रात्री ओहोळावर खेकडे पकडायचे तर ती हवी. आणि सर्वांत जास्त ती पायाखालची वाट बघायला हवी.

पायाखालची वाट हा इथे वाक्प्रचार नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि निम्मे जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे नेमके शेतात चिखल आणि बांधावर गवत असतानाचे. घोणस किंवा फुरसं बांधावर पडलेलं असेल, तर ते दिसणं आणि न दिसणं यात एका माणसाचं आयुष्य असतं. रात्री बाहेर पडताना हातात दिवा आणि पायात जोडा असावा, हा सल्ला म्हणून तर सगळीकडे दिला जातो. मण्यार मात्र रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिथे विजेरीपेक्षा नीट खोचलेली मच्छरदाणी कामाची. प्रत्येक संकटाला एकच वस्तू पुरत नाही, हेही त्यातून कळतं.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर शाळेतल्या मित्राकडे गेलो होतो. भाताची लावणी चालू होती. शेवटच्या जीपने आम्हाला फाट्यावर सोडलं तेव्हा आठ वाजून गेले होते. तिथून पाडा दोनेक किलोमीटर. आम्ही पाच जण : मित्र, त्याची आत्या, डोक्यावर खताची गोणी घेतलेले एक दादा, त्यांचा दहा-बारा वर्षांचा मुलगा आणि मी. आत्याची बॅटरी गाडीतच मिणमिणायला लागली होती, त्यामुळे उजेड म्हणजे माझी विजेरी. मी ती काढली आणि शहरातल्या कोणीही केलं असतं तसं पुढे निघालो. आत्याने तिथेच थांबवलं.

"बॅटरीवाला मधी ये. पुढं गेलास त मागच्याचा पाय कुठं पडल?"

मी मध्ये आलो. चालता चालता त्या वाक्यामागचं गणित लक्षात येत गेलं. पुढच्याच्या हातात दिवा असेल, तर त्याच्याच अंगाची सावली मागच्यांच्या वाटेवर पडते. सर्वांत मागच्याच्या हातात असेल, तर प्रत्येकाच्या पुढे स्वतःची सावली. मध्ये असेल आणि हात खाली, थोडा बाजूला धरला, तर पुढच्या दोघांच्या टाचा आणि मागच्या दोघांची बोटं एकाच उजेडात येतात. शिवाय झोत जमिनीवरच राहतो, कोणाच्या डोळ्यांत जात नाही. ओहोळ आला तेव्हा आत्याने मला काठावर उभं केलं आणि दगडांवर उजेड धरायला लावलं. आधी गोणीवाले दादा गेले, मग मुलगा, मग आत्या, मग मित्र. पलीकडे गेल्यावर मित्राने मोबाईलचा दिवा लावून माझ्या बाजूच्या दगडावर धरला. मग मी.

ज्याच्याकडे दिवा, तो शेवटी ओलांडतो. मी वाचलेल्या कुठल्याच विजेरीच्या परीक्षणात हा नियम नव्हता.

तिथे झोत किती लांब जातो, किती तास टिकतो, बटण कुठे आहे, हे सगळं असतं. या चर्चेतला माणूस नेहमी एकटा असतो. त्याच्या पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. आत्याच्या नियमात मात्र पहिली गोष्ट माणसांची ओळ आहे आणि दिवा त्या ओळीतला एक भाग. दिव्याचा मालक कोण, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही. वाटेवर दिवा आहे, म्हणजे तो वाटेवरच्या सगळ्यांचा आहे.

यावर कोणी म्हणेल, की विजेरी तुझ्या पैशांची; दिलीस तर मोठेपणा, नाही दिलीस तरी गुन्हा नाही. छत्रीच्या बाबतीत मी हे मान्य करीन. छत्रीत दुसरा आला, की माझा खांदा भिजतो. डब्यातली पोळी दिली, की मला एक कमी पडते. उजेडाचं तसं नाही. माझ्या झोतात मागच्याने पाऊल टाकलं, म्हणून माझ्या पावलाला उजेड कमी होत नाही. जी गोष्ट वाटल्याने उणी होत नाही, ती राखून ठेवण्यासाठी काय कारण देणार? उलट बाजूही तितकीच खरी आहे. उजेड कधीच पूर्णपणे खाजगी नसतो. तो समोरच्याच्या पायाशी पडतो, नाहीतर डोळ्यांत. डोळ्यांत पडला तर त्याचं मोठं नुकसान होतं. माणसाचे डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. प्रखर झोताचा एक फटका ती सगळी कमाई घालवतो. म्हणजे विजेरीवाला स्वतःला दिसावं म्हणून दुसऱ्याला आंधळं करू शकतो, तेही काही वाईट हेतू नसताना. तेव्हा बटण दाबलं, की दुसरा माणूस हिशेबात आलाच. त्याला मोजायचं की नाही, एवढंच आपल्या हातात उरतं.

इथपर्यंत मला उत्तर सोपं वाटतं. अवघड भाग पुढे आहे.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांचं १९७०चं एक पुस्तक आहे, 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. एखादी व्यवस्था बिघडली, की माणसं दोन गोष्टी करू शकतात : आवाज उठवू शकतात किंवा ती सोडून दुसरीकडे जाऊ शकतात. नायजेरियातल्या रेल्वेचं त्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. रेल्वे वाईट चालत होती, पण शेजारी ट्रकची सोय होती. मग सर्वांत जास्त बोलू शकणारी, ज्यांचं ऐकलं गेलं असतं अशी माणसं ट्रककडे गेली आणि रेल्वे सुधारण्याचं दडपणच नाहीसं झालं.

आपण हे रोज करतो. नळाचं पाणी खराब, तर फिल्टर. वीज जाते, तर इन्व्हर्टर. ठाण्यातल्या आमच्या जिन्यात एका मजल्यावरचा दिवा गेला होता. सत्तर घरं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. प्रत्येक जण त्या मजल्यावर टॉर्च लावून उतरायचा आणि खाली पोचला की विसरायचा. शेवटी तक्रार केली ती तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांच्याकडे साधा फोन होता. ज्यांची वैयक्तिक सोय झालेली होती, त्यांच्यापैकी एकालाही तो दिवा गेलेला आहे असं खऱ्या अर्थाने जाणवत नव्हतं.

खिशातली विजेरी ही अशीच एक पळवाट आहे का? मला वाटतं, होऊ शकते. आणि जव्हार-मोखाड्यात याची किंमत जिन्यापेक्षा फार मोठी आहे. ऑगस्ट २०२२मध्ये मोखाडा तालुक्यातल्या मरकटवाडीची बातमी राज्यभर गाजली. सात महिन्यांच्या गरोदर बाईची जुळी बाळं जन्मल्यावर दगावली. रस्ता नसल्याने तिला झोळी करून सुमारे तीन किलोमीटर नेलं गेलं होतं. अशा झोळीच्या पुढे-मागे चालणाऱ्यांच्या हातात कितीही ल्युमेन असले, तरी रुग्णवाहिका दारात येत नाही. विजेरी वाट दाखवते, रस्ता बांधत नाही. सामानाची यादी कितीही वाढवली, तरी काही गोष्टी खिशात मावत नाहीत : रस्ता, पूल, दवाखान्यात हजर असलेला डॉक्टर, फ्रीजमध्ये असलेली सर्पदंशाची लस. त्या सगळ्यांच्या मिळून असतात, किंवा कोणाच्याच नसतात.

म्हणून 'आपली सोय आपण करावी' हे वाक्य मला आता अर्धवट वाटतं. ठाण्यात राहून विजेरी घेणाऱ्याची तयारी ही निवड आहे. पाड्यावरच्या माणसाची तयारी ही सक्ती आहे. दोघांच्या हातात तीच वस्तू असली, तरी दोघांना एकच शाबासकी देता येत नाही. स्वावलंबनाचं कौतुक करताना ते कोणावर लादलं गेलंय, हे बघावं लागतं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे इथे आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि मोखाड्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथल्या बाईला 'हंडा हे तुमचं एव्हरीडे कॅरी' असं म्हणून बघा. म्हणवणार नाही.

मग विजेरी बाळगू नये का? तसंही नाही. रस्ता होईपर्यंत आजच्या रात्रीचा बांध ओलांडायचाच आहे, आणि फुरसं ग्रामसभेच्या ठरावाची वाट बघत थांबत नाही. पळवाट आणि बॅकअप यांतला फरक वस्तूत नसतो, वागण्यात असतो. आमच्या कामात मुख्य सर्व्हर पडला आणि बॅकअपने भार घेतला, तर त्याच क्षणी अलार्म वाजतो. सगळं सुरळीत चालू असूनही वाजतो, कारण मूळ बिघाड तसाच आहे. ज्या बॅकअपला अलार्म नाही तो धोकादायक. तो बिघाड झाकतो. विजेरीचंही तसंच. ती लावावी लागली, याचा अर्थ कुठेतरी काहीतरी नाही. ते काय नाही आणि ते देण्याची जबाबदारी कोणाची, हे उजेडात आल्यावर विसरायचं नाही.

जबाबदारी कोणाची हे कायद्यात आहे. गावात दिवाबत्ती करणं हे ग्रामपंचायतीच्या कामांत मोडतं. जव्हार आणि मोखाडा पाचव्या अनुसूचीत येतात, त्यामुळे तिथे १९९६चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांनुसार एखादा पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा भरवू शकतो. म्हणजे आवाज उठवायला जागा आहे. पाड्यावरची माणसं ती वापरतातही. प्रश्न आमच्यासारख्यांचा आहे, ज्यांचं शिक्षण, ओळखी आणि इंग्रजी अर्ज लिहिण्याची सवय गाव सोडून ट्रकमध्ये बसली.

एक आक्षेप मात्र मला खरंच विचार करायला लावतो. तो अंधाराच्या बाजूने आहे. मे अखेरीला, पावसाच्या आधी सह्याद्रीत झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. काजवे उजेडाची उघडझाप करून जोडीदार शोधतात; पर्यटकांनी विजेऱ्या मारल्या, की त्यांचं बोलणं तुटतं. बोहाड्याची रात्रही अशीच. जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्याच्या दिवसांत बोहाडा होतो, देवादिकांचे लाकडी मुखवटे घालून सोंगं नाचतात, संबळ वाजत असतो. टेंभ्याच्या हलत्या उजेडात तो मुखवटा जिवंत होतो. त्यावर पांढरा एलईडी मारला, तर रंगवलेलं लाकूड दिसतं. मग सगळीकडे उजेड मागणं हा शहरी हट्ट नाही का?

मला वाटतं, इथे सावध राहायला हवं. अंधार सुंदर आहे, पण त्याचं सौंदर्य बघायला बटण आपल्या हातात असावं लागतं. दोन रात्रींसाठी आलेल्याला अंधार हवासा वाटतो. ज्याला रोज त्यातून आजारी मूल घेऊन चालायचंय, त्याला तो हवाय की नको हे त्याने ठरवायचं, आपण नाही. आणि चांगल्या उजेडाची मागणी म्हणजे जास्त उजेडाची मागणी नव्हे. चांगल्या विजेरीत एक अगदी मंद मोड असतो, ल्युमेनभराचासुद्धा नाही. सरावलेल्या डोळ्यांना तेवढ्यात दाराची कडी, पाण्याचा तांब्या, झोपलेल्या पोराचा हात दिसतो. मी आता सर्वांत जास्त तोच वापरतो. कामापुरता, जमिनीकडे, आणि काम झालं की बंद.

बोहाड्यात टेंभा धरणारा माणूस बघण्यासारखा असतो. सोंग उजळावं म्हणून तो हात लांब करून उभा असतो आणि स्वतः बहुतेक अंधारातच राहतो. दिव्याखाली अंधार, असं आपण टोमणा मारताना म्हणतो. त्या माणसाकडे बघितलं, की वाटतं, यात टोमण्यासारखं काय आहे? दिवा धरणाऱ्याची जागा तीच.

तेव्हा "हे कशाला?" या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं आहे : वाटेत कोणीतरी बरोबर असेल म्हणून. विजेरी जरूर बाळगा. झोत खाली ठेवा, मध्ये चाला, ओहोळ शेवटी ओलांडा. आणि घरी पोचल्यावर ती चार्जिंगला लावाल, तेव्हा ती आज कुठे लावावी लागली हे आठवा. जिना असेल तर सेक्रेटरीला फोन करा. रस्ता असेल तर अर्ज करा. अर्ज तुमच्या गावचा नसेल, तर ज्यांचा आहे त्यांना विचारा, की लिहायला, टाइप करायला, तालुक्याला पाठपुरावा करायला माणूस हवाय का. त्यांना नको असेल तर नको म्हणतील. हवा असेल, तर त्यांच्या ओळीत मधी जाऊन उभे राहा.